नंबर घातलेल्या ठिकऱ्या: जोसाया वेजवुडचं काम

जोसाया वेजवुड म्हटलं की फिकट निळ्या अंगावर पांढऱ्या आकृत्या असलेली फुलदाणी डोळ्यांसमोर येते. ती जॅस्परची, म्हणजे त्याने शोधलेल्या एका खास मातीची, भांडी देखणी आहेतच. पण हा माणूस समजून घ्यायचा असेल तर फुलदाणी बाजूला ठेवून त्याची प्रयोगवही उघडावी, असं मला मनापासून वाटतं. १७५९ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात, फेंटन इथे त्याने ती सुरू केली तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पुढे त्याने भांडी घडवली, कारखाना उभारला, कालवा खणवला, राणीला आणि सम्राज्ञीला माल विकला. या सगळ्यामागे त्या वहीतलीच सवय होती: जे केलं त्याला नंबर द्यायचा, कुठे आणि किती ते लिहायचं, आणि पुन्हा तसंच करून बघायचं.

जन्म १७३० चा, बर्स्लेम गावचा. घराणं कुंभारांचं, आणि हा घरातला शेंडेफळ. १७३९ मध्ये वडील गेले. पुढे देवीची साथ आली, त्यातून तो वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. १७४४ मध्ये थोरल्या भावाच्या हाताखाली पाच वर्षांच्या उमेदवारीचा करार झाला. चाकावर हात चांगला बसला होता, पण त्या पायाने दिवसभर चाकावर बसून राहणं कठीण होतं. मग माती कालवणं, साचे, नमुने, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) अशा बाकीच्या कामांकडे तो वळला. १७६८ च्या मे महिन्यात तो पाय कापावा लागला. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. पुढे आयुष्यभर तो लाकडी पायावर कारखान्यात फिरला.

१७५४ ते १७५९ ही पाच वर्षं तो थॉमस व्हील्डन या नावाजलेल्या कुंभाराचा भागीदार होता. त्या वेळी तिथला मुख्य माल म्हणजे मिठाच्या ग्लेझचं पांढरं स्टोनवेअर, म्हणजे जोरदार आचेवर दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी. भट्टी ऐन तापलेली असताना वरून मीठ टाकायचं. मिठाची वाफ होते, त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळतो आणि भांड्यावर काचेचा पातळ थर बसतो. स्वस्त आणि सोपी पद्धत. पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो आणि चांदीचे चमचे त्यावर घासून झिजतात. शिवाय प्रत्येक जण तेच बनवत असल्याने भाव इतके उतरले होते की मालावर जास्त मेहनत घेणं परवडत नव्हतं. वहीच्या सुरुवातीला त्याने हीच परिस्थिती मांडली आहे: धंदा खालावलाय, नव्या मातीची, नव्या ग्लेझची, नव्या आकारांची गरज आहे.

आता वहीची पद्धत. प्रत्येक मिश्रणाला क्रमांक. घटकांची नावं सरळ न लिहिता सांकेतिक आकड्यांत, म्हणजे वही दुसऱ्याच्या हाती पडली तरी कृती फुटणार नाही. मिश्रणाची छोटी ठिकरी करून तिच्यावर तोच क्रमांक कोरायचा आणि ती भट्टीत कुठे ठेवली तेही आद्याक्षरांत लिहायचं. त्याच्या ठिकऱ्यांवर ‘टीबीओ’ आणि ‘टीटीबीओ’ अशी अक्षरं सापडतात. पहिलं म्हणजे बिस्किट भट्टीचा (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी होते तिचा) वरचा भाग, दुसरं म्हणजे अगदी वरचं टोक. हे मला त्याच्या सगळ्या शोधांइतकंच महत्त्वाचं वाटतं. बाटलीच्या आकाराच्या कोळशाच्या भट्टीत वर आणि खाली, आगीच्या तोंडाशी आणि मध्यभागी तापमान वेगवेगळं असतं. एकच ग्लेझ एका जागी कच्चं राहतं आणि दुसऱ्या जागी ओघळून खाली येतं. जागा लिहिली नाही तर मिश्रण वाईट होतं की जागा चुकली हे कधीच कळत नाही. ग्लेझच्या चाचण्या करणारे बरेच जण आजही कृती ग्रॅममध्ये काटेकोर लिहितात आणि ठिकरी कुठल्या फळीवर होती ते लिहायचं विसरतात. तशी नोंद अर्धीच राहते.

प्रयोग क्रमांक ७, मार्च १७५९: हिरवं ग्लेझ. रंग तांब्याचा. शिशाच्या ग्लेझमध्ये तांबं घातलं की गडद, पारदर्शक हिरवा रंग येतो, आणि तो उठावाच्या खाचांत साचून दाट दिसतो, उंचवट्यांवर पातळ होऊन फिका पडतो. म्हणूनच पानं, फ्लॉवरचा गड्डा, अननस असे आकार त्यासाठी निवडले गेले. ग्लेझ आणि आकार एकमेकांसाठी बनलेले होते. पण हिरव्या मालाची हौस लवकर ओसरली. त्याच वर्षी भागीदारी सोडून बर्स्लेममध्ये आयव्ही हाउस या भाड्याच्या जागेत त्याने स्वतःचा कारखाना मांडला. काही वर्षांतच तो मोठ्या जागेत गेला. तिथे कामगारांना भोंग्याऐवजी घंटा वाजवून बोलवत, म्हणून लोक त्या जागेला बेल वर्क्स म्हणू लागले.

खरा पैसा आणि खरं नाव मिळालं ते सायीच्या रंगाच्या भांड्यांवर. ही भांडी वेजवुडने शोधली नाहीत. स्टॅफर्डशरमध्ये ती आधीपासून बनत होती. त्याने ती इतकी सुधारली आणि इतकी एकसारखी केली की ती त्याचीच झाली. ते काम कसं होतं हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘सुधारली’ या एका शब्दात फार मेहनत दडलेली आहे.

अंगाचे, म्हणजे ग्लेझखालच्या मातीचे, मुख्य घटक दोन: नैऋत्य इंग्लंडमधून येणारी बॉल क्ले आणि चकमकीचा दगड. बॉल क्ले चिवट, घडवायला छान, भाजल्यावर फिकट होणारी. पण एकटी वापरली तर फार आकसते आणि वाकते. चकमक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. ती आधी भट्टीत लाल होईपर्यंत भाजतात. तेव्हा काळा दगड पांढरा आणि ठिसूळ होतो. मग दळायची. कोरडी दळली तर तिची धूळ फुप्फुसात बसते आणि माणूस काही वर्षांत खोकून खोकून मरतो. म्हणून पाण्याखाली दळण्याची पद्धत आली. तिचं पहिलं पेटंट १७२६ चं, थॉमस बेन्सनचं. सुरुवातीला दळायला लोखंड वापरलं, तर लोखंडाचे कण मिसळून पांढऱ्या भांड्यांवर तपकिरी ठिपके येऊ लागले, म्हणून मग दगडाच्या पाट्यांवर दगडच फिरवायला सुरुवात झाली. चकमक अंगात घातल्याने पांढरेपणा वाढतो, वाळताना आणि भाजताना आकसणं कमी होतं. पण तिचं मोठं काम वेगळंच आहे, ते ग्लेझच्या वेळी कळतं.

दोन्ही घटक वेगवेगळे पाण्यात कालवून, बारीक जाळीतून गाळून, पातळ अवस्थेतच एकत्र करतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो. ‘इतकी बादली माती, इतकी बादली चकमक’ हे माप खोटं असतं, कारण बादलीत कोरडा माल किती आहे हे घनतेवर ठरतं. स्टॅफर्डशरमध्ये पुढच्या काळात रूढ झालेलं माप असं: २० औंस पाणी मावणाऱ्या पिंटभर भांड्यात बॉल क्लेचं द्रावण २४ औंस भरलं पाहिजे आणि चकमकीचं ३२ औंस. हिशेब केला तर पहिल्यात कोरडा माल साधारण साडेसहा औंस निघतो, दुसऱ्यात साडेएकोणीस. भांडं तेच, माल तिप्पट. द्रावण जरा पातळ झालं की अंगातली चकमक कमी पडते, आणि त्याचा परिणाम दिसतो तो दोन भाजण्यांनंतर, ग्लेझवर. मिसळलेलं द्रावण लांबट विटांच्या हौदात खालून आच देऊन आटवायचं, मग कापून, आपटून, मळून आतली हवा काढायची. हवा राहिली की भट्टीत फोड येतो.

ताट बनवायचं तर मातीची पोळी प्लॅस्टरच्या साच्यावर दाबून, सावकाश वाळवून पहिली भाजणी. दुसरी भाजणी ग्लेझनंतर. आजचे स्टुडिओ कुंभार पहिली भाजणी कमी तापमानाला आणि ग्लेझची जास्त तापमानाला करतात. या प्रकारच्या मालात क्रम उलटा असतो. पहिली साधारण ११०० अंश सेल्सियस किंवा थोडी वर, ग्लेझची त्याहून कमी. कारण सरळ आहे: ग्लेझ नसलेली भांडी एकमेकांना टेकली तरी चिकटत नाहीत, म्हणून अंग पक्कं करणारी जोरदार आच तेव्हाच द्यायची, भांडी नीट आधार देऊन रचता येतात, वाकत नाहीत. ग्लेझच्या वेळी फक्त वरची काच वितळवायची असते. अडचण इतकीच की पक्कं भाजलेलं अंग पाणी कमी शोषतं, त्यामुळे ग्लेझचं द्रावण दाट ठेवावं लागतं आणि बुडवणाऱ्याचा हात एकसारखा हवा. ग्लेझ लावलेली भांडी मातीच्या डब्यांत, म्हणजे सॅगरमध्ये, टोकदार आधारांवर ठेवतात. जुन्या ताटांच्या पाठीवर तीन बारीक टोचणीच्या खुणा दिसतात त्या त्याच आधारांच्या.

आता चकमकीचं मोठं काम. भट्टीतून निघाल्यावर अंगही आकसतं आणि ग्लेझही. ग्लेझ जास्त आकसलं तर ते ताणलं जातं आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. अंगात भाजलेली सिलिका असली तर थंड होताना अंग ग्लेझपेक्षा थोडं जास्त आकसतं, ग्लेझ सगळीकडून दाबलं जातं, आणि दाबलेली काच फुटत नाही. मात्र चकमक फार झाली तर दाब इतका वाढतो की कडांवरून आणि कानांवरून ग्लेझचे टवके उडतात. शिवाय थंड होताना ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झचं आणि २२६ अंशांच्या आसपास क्रिस्टोबलाइटचं (ही दोन्ही सिलिकाचीच स्फटिकं) रूप बदलतं, तेव्हा भट्टी घाईने उघडली तर अख्खं भांडं ‘टण्ण’ करून तडकतं. आणखी एक फसवा दोष आहे. भट्टीतून निघताना भांडं निर्दोष असतं, सहा महिन्यांनी भेगा दिसतात. सच्छिद्र अंग हवेतली ओल शोषून किंचित फुगतं आणि ग्लेझवरचा दाब संपतो. तोवर भांडं गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेलं असतं. उकळता चहा ओतला तरी न तडकणारी भांडी, अशी ख्याती मिळवायची तर हे सगळं प्रत्येक भट्टीत जमवावं लागतं.

या ग्लेझमध्ये शिसं होतं, हेही सांगितलं पाहिजे. शिशामुळे ग्लेझ कमी आचेवर वितळतं, चकचकीत आणि एकसारखं पसरतं. पण कच्च्या शिशाच्या द्रावणात दिवसभर हात बुडवणाऱ्या कामगारांना विषबाधा होई: पोटात कळा, मनगटं लुळी पडणं, आणि शेवटी मृत्यू. सायीच्या रंगाच्या त्या भांड्यांची तकाकी बघताना ते हात विसरता येत नाहीत.

१७६५ मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या संचाची मागणी आली. सोनेरी पार्श्वभूमी आणि उठावाची हिरवी फुलं, असं अवघड काम होतं. वेजवुडने ते घेतलं आणि पूर्ण केलं. मग त्याला राणीचा कुंभार म्हणवून घेण्याची परवानगी मिळाली आणि त्या मालाचं नाव झालं क्वीन्स वेअर. तीच माती, तेच ग्लेझ, नाव नवं. १७६७ मध्ये त्याने पुढे भागीदार झालेल्या बेंटली या मित्राला लिहिलेल्या पत्रात स्वतःच नवल केलं आहे की या मालाचा इतका बोलबाला झाला त्यात किती वाटा राजघराण्यातून झालेल्या ओळखीचा आणि किती त्याच्या खऱ्या उपयोगाचा नि सौंदर्याचा. विक्रीच्या यशाकडे असं वेगळं होऊन बघणं मला फार आवडतं. तिथेही तो दोन घटक वेगळे करून त्यांची मापं विचारतोय.

थॉमस बेंटली हा लिव्हरपूलचा व्यापारी, शिकलेला, प्रवास केलेला, अभिरुची असलेला. १७६२ मध्ये दोघांची ओळख झाली. १७६९ पासून शोभेच्या मालात तो भागीदार होता आणि लंडनची बाजू सांभाळत होता. त्यांचा पत्रव्यवहार नसता तर आज वेजवुडबद्दल आपल्याला निम्मंही कळलं नसतं. आणि पत्नी सेरा, नात्यातलीच, १७६४ मध्ये लग्न झालं. तिने प्रयोगांच्या सुरुवातीच्या काळात नोंदी करायला मदत केली, सांकेतिक लिपी शिकून घेतली, आणि भांड्यांच्या आकारांवर, म्हणजे झाकण बोटांत नीट धरता येतं का, चोचीतून थेंब गळतो का यांवर, त्याला तिचं मत लागायचं.

वाहतूक हा या धंद्यातला मोठा तोटा होता. माती आणि चकमक जहाजाने लिव्हरपूलकडे येत, पुढे नदीतून आणि शेवटी घोड्यांच्या पाठीवर. तयार माल त्याच खड्ड्यांच्या रस्त्याने परत, टोपल्यांत, फुटत फुटत. ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्यासाठी वेजवुडने पत्रकं काढली, पैसे उभे केले, खासदारांच्या मागे लागला. १७६६ मध्ये कायदा मंजूर झाला आणि जुलैत पहिली कुदळ त्यानेच मारली. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या आराखड्याचा हा सुमारे ९३ मैलांचा कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. आणि नव्या कारखान्यासाठी वेजवुडने जमीन घेतली ती नेमकी कालव्याच्या मार्गावरची.

तो कारखाना इट्रुरिया, प्राचीन इटलीतल्या त्याच नावाच्या प्रदेशावरून. १३ जून १७६९ ला उद्घाटनाच्या दिवशी बेंटलीने चाक फिरवलं आणि वेजवुडने स्वतः सहा फुलदाण्या ओढल्या. काळ्या बसाल्टच्या, म्हणजे त्या दगडासारख्या दिसणाऱ्या मातीच्या, त्या फुलदाण्यांवर ‘इट्रुरियाच्या कला पुन्हा जन्मल्या’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द रंगवले गेले. बसाल्टचा काळेपणा लोहयुक्त गाळ आणि मँगनीज यांचा. तो गाळ कोळशाच्या खाणींतून निघणाऱ्या पाण्यात सापडतो. हे अंग इतकं घट्ट भाजतं की ग्लेझची गरज पडत नाही. ओलसर, चामड्यासारख्या अवस्थेत ते इंजिन-लेथवर, म्हणजे नक्षी कापणाऱ्या फिरत्या यंत्रावर, लावून एकसारख्या बारीक रेषा कापता येतात. हा लेथ त्याने १७६३ मध्ये आणला होता. काळ्या चहाच्या किटल्या खपण्याचं एक कारणही त्याने हेरलं होतं: काळ्या किटलीवर गोऱ्या बायकांचे हात आणखी गोरे दिसतात.

इट्रुरियात कामाची विभागणी कडक होती. घडवणारा घडवेल, कान लावणारा कानच लावेल, रंगवणारा एकच किनार काढेल. १७९० मध्ये तिथे २७८ माणसं होती आणि त्यांतल्या फक्त पाच जणांना ठरावीक काम नव्हतं. माणसांची अशी यंत्रं करायची की ती चुकणारच नाहीत, हे त्याचं म्हणणं वाचताना आज अस्वस्थ व्हायला होतं. लहान मुलंही कामाला होती. त्याच माणसाने १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी साखळदंडांतला, गुडघे टेकलेला माणूस आणि ‘मी माणूस नाही का, भाऊ नाही का?’ हे शब्द असलेलं पदक पांढऱ्या जॅस्परवर काळ्या आकृतीत बनवून फुकट वाटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

धंद्याच्या दृष्टीने मला १७७२ हे वर्ष सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये पतपुरवठ्याचं संकट आलं, मागणी घसरली, गोदामात फुलदाण्या साचल्या. वेजवुड हिशेबाच्या वह्या घेऊन बसला आणि एकेका फुलदाणीला खरा खर्च किती येतो ते काढू लागला. माती, मजुरी, भाजणी, भट्टीत फुटणारा हिस्सा, साचे, जागेचं भाडं, कारकुनांचे पगार, सगळं वेगळं. त्यातून त्याला दोन गोष्टी सापडल्या. एक, हिशेबनीस पैसे खात होता. दुसरी जास्त मोलाची: साचे, भाडं, पगार हे खर्च माल कमी बनवा की जास्त, घड्याळासारखे चालूच राहतात. म्हणजे ठरावीक वेळात जितके जास्त नग काढाल तितका प्रत्येक नगावरचा त्यांचा बोजा हलका. मग त्याने भाव उतरवले, पण वाटेल त्या मालाचे नाहीत. मोठ्या घराण्यांनी फुलदाण्या आपल्या वाड्यांत पुरेसा काळ मिरवल्या आहेत, मधल्या वर्गाने त्या पाहिल्या, हेवा केला, आता स्वस्तात दिल्या तर तो वर्ग कितीतरी नग घेईल, असा त्याचा तर्क होता. आधी महाग ठेवून नाव कमवायचं आणि नंतर संख्येवर कमवायचं. वेजवुडला विक्रीचा जादूगार म्हणून गौरवणारे लोक हा हिशेब सोडून देतात. मला ती त्याच्यावर अन्याय करणारी गोष्ट वाटते.

विक्रीचे मार्गही त्याने नीट बसवले. लंडनमध्ये दालन, तिथे मांडलेली जेवणाची टेबलं, थोड्या थोड्या दिवसांनी बदलणारी मांडणी. १७७४ मध्ये क्वीन्स वेअरच्या आकारांची चित्रं असलेला कॅटलॉग. छपाईसाठी कोरी भांडी लिव्हरपूलला सॅडलर आणि ग्रीन यांच्याकडे जात. तांब्याच्या कोरीव पाटीवरचं चित्र ग्लेझवर उतरवून ती पुन्हा कमी आचेवर भाजत. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने १७७३ मध्ये मागवलेला संच मात्र सगळा हाताने रंगवला: ९५२ नग, त्यांवर ब्रिटनमधली १,२२२ दृश्यं, प्रत्येकावर हिरव्या बेडकाचं चिन्ह, कारण महाल ज्या जागी उभा राहायचा होता त्या दलदलीचं नावच बेडकांवरून पडलेलं. नुसत्या कोऱ्या भांड्यांची किंमत पन्नासेक पौंड होती. चित्रकामासह ती अडीच हजारांच्या पलीकडे गेली. नफा फारसा उरला नाही. पण रवाना करण्याआधी १७७४ च्या उन्हाळ्यात तो संच लंडनमध्ये तिकीट लावून मांडला आणि सगळं उच्चभ्रू लंडन तो बघायला दालनात आलं.

आता जॅस्पर. १७७० च्या दशकाच्या मध्यावर हजारो ठिकऱ्या भाजून हे अंग सापडलं. त्यात निम्म्याहून अधिक बेरियम सल्फेट आहे, डर्बिशरच्या शिशाच्या खाणींच्या भागात मिळणारा जड पांढरा दगड, सोबत चिकणमाती आणि चकमक. हे अंग पांढरंशुभ्र, पक्कं, आणि धातूंच्या ऑक्साइडने आतपर्यंत रंगतं. पण फार लहरी. आच जरा कमी पडली तर कोरडं आणि खडूसारखं, जरा जास्त झाली तर फुगून फोड येतात किंवा वितळून बसतं. दगडाचा एक ढेकूळ दुसऱ्यासारखा नसे, त्यामुळे कालची कृती आज चालत नसे.

पांढऱ्या आकृत्या चिकटवण्याचं कामही नाजूक आहे. साच्यात माती दाबून, जादा कापून, आकृती अलगद उचलायची, पाण्याचा हात लावून चामड्याइतक्या वाळलेल्या अंगावर ठेवायची आणि मधून कडांकडे दाबत जायची, म्हणजे हवा बाहेर जाते. हवा अडकली की आकृती भट्टीत सुटते. पाणी जास्त झालं की निळा रंग पांढऱ्यात झिरपतो. अंग आणि आकृती यांचं आकसणं सारखं नसेल तर आकृतीला तडा जातो. आकृती लहान हवी असेल तर एक सुंदर युक्ती होती: मातीची प्रत काढून भाजायची, ती आकसते. तिच्यावरून साचा घेऊन पुन्हा प्रत, पुन्हा भाजणी. प्रत्येक फेरीत आकार घटतो, नव्याने कोरावं लागत नाही. जॉन फ्लॅक्समनसारखे शिल्पकार मूळ आकृत्या मेणात घडवून देत.

निळ्यासाठी कोबाल्ट लागतं आणि ते महाग होतं. १७७७ च्या सुमारास त्याने एका पौंड वजनाला ३६ शिलिंग या भावाचा उल्लेख केला आहे. म्हणून सगळं अंग निळं करण्याऐवजी पांढऱ्या अंगावर निळ्या द्रावणाचा थर देण्याची पद्धत आली. कोबाल्ट वाचलं, पण मजुरी वाढली.

या सगळ्या कौशल्याची परीक्षा म्हणजे पोर्टलंड फुलदाणी. काळसर निळ्या काचेवर पांढरी काच कोरून केलेली ही रोमन वस्तू १७८६ मध्ये ड्यूक ऑफ पोर्टलंडकडून नक्कल करण्यासाठी उसनी मिळाली. मूळ कारागिराने पांढरी काच इतकी पातळ घासली होती की खालचा गडद रंग सावलीसारखा दिसतो. मातीत ते साधायला आकृत्या तशाच पातळ कराव्या लागल्या, आणि पातळ आकृती उचलताना फाटते, भाजताना सुटते, अंगावर फोड येतात. पहिली समाधानकारक प्रत निघाली १७८९ मध्ये. तोवर बेंटली नव्हता. १७८० मध्येच तो गेला होता.

भट्टीचं तापमान हाच शेवटपर्यंत त्याचा शत्रू राहिला. पाऱ्याचा थर्मामीटर तिथे उपयोगाचा नाही, पारा साधारण ३५७ अंशांनाच उकळतो. १७८२ मध्ये त्याने तोडगा मांडला: माती जितकी तापेल तितकी आकसते, मग आकसणंच मोजू. अरुंद होत जाणाऱ्या खाचेची पितळी पट्टी, एका टोकाला रुंदी अर्धा इंच, दुसऱ्या टोकाला तीन दशांश इंच, लांबीवर २४० भाग. मातीची ठोकळी भट्टीतून काढून थंड करून खाचेत सरकवायची. जितकी आत जाईल तितकी आच. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. आपल्या अंशांना फॅरनहाइटशी जोडताना मात्र त्याचं गणित फार चुकलं. त्याच्या प्रमाणात शून्य म्हणजे १,०७७.५ अंश फॅरनहाइट आणि एकेक अंश १३० चा, त्यामुळे ओतीव लोखंड वितळण्याचा आकडा जवळजवळ १८,००० वर गेला. खरा तो २,१०० ते २,२०० च्या आसपास आहे. शिवाय माती फक्त तापमानावर आकसत नाही, किती वेळ तापली यावरही आकसते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा दोष. पण भट्टी चालवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: मातीवर एकूण किती आचेचा परिणाम झाला ते. पुढे भट्टीत वापरात आलेले शंकू आणि कड्या याच तत्त्वावर चालतात.

३ जानेवारी १७९५ ला इट्रुरियात त्याचा मृत्यू झाला. मुलगी सुझॅना पुढे चार्ल्स डार्विनची आई झाली. कारखाना विसाव्या शतकात बार्लस्टनला हलला. २००९ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा पेन्शन निधीची देणी फेडण्यासाठी संग्रहालयातला संग्रह विकला जाण्याची वेळ आली. २०१४ मध्ये लोकवर्गणी आणि संस्थांच्या देणग्यांतून १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे राहिले आणि तो वाचला. त्या संग्रहात जॅस्परच्या चाचण्यांच्या फळ्या आहेत. फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत, मध्येच एखादी हिरवी, एखादी फसलेली, फोड आलेली. प्रत्येक ठिकरीवर कोरलेला नंबर आहे आणि तो वहीतल्या ओळीशी अजूनही जुळवून बघता येतो.